खिळ्यांच्या रानात देवाचा टाक: पडक्या वाड्यासाठी मेटल डिटेक्टर कसा निवडला

खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूच्या एका गावातलं हे प्रकरण. वाडा म्हटलं तरी फार मोठा नव्हे. पुढं सोपा, मधे माजघर, त्याला लागून देवघर, एका अंगाला गोठा आणि मागं ऐसपैस परडं. जांभ्याचा पाया, मातीच्या भिंती, वर कौलं. २०१९ च्या ऑगस्टात बेळगाव जिल्ह्यात पावसानं हजारो घरं पडली, त्यात हाही वाडा बसला. वासे, तुळया आणि धड राहिलेली कौलं घरच्यांनी काढून नेली. उरलेल्या ढिगाऱ्यावर घाणेरी माजली आणि पडक्या जागेचं जे होतं तेच पुढं झालं. गावानं तिथं कचरा टाकायला सुरुवात केली.

आता त्या जागी स्लॅबचं घर बांधायचं ठरलं. जेसीबी यायच्या आधी घरातल्या थोरल्या वैनींनी एकच गोष्ट धरून ठेवली. भिंत आली तेव्हा देव्हारा खाली गेला होता. मूर्ती मिळाल्या, पाचांपैकी दोन टाक मिळाले, तीन मातीत राहिले. चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेले, दोन बोटं रुंदीचे, घरातल्या कितीतरी पिढ्यांनी पूजलेले. "सोनं असूंदे नसूंदे, आमचे देव तेवढे मिळायला पाहिजेत," हे त्यांचं म्हणणं. पुण्यात नोकरीला असलेला त्यांचा धाकटा दीर यंत्र विकत घ्यायला तयार होता. कुठलं घ्यायचं हे त्यानं मला विचारलं, कारण जुन्या नाण्यांचा नाद मला आहे आणि असली यंत्रं मी वापरतो.

गावात मात्र दुसरीच कुजबुज होती. वाडा जुना, परडं मोठं, म्हणजे कुठंतरी हांडा असणारच. ही कुजबुज हसण्यावारी नेण्यासारखी नसते. गुप्तधनापायी या भागात माणसं नको त्या थराला गेलेली आहेत. कर्नाटकानं २०१७ साली अघोरी प्रथांविरुद्ध कायदा केला, त्यात धनाच्या शोधासाठी केलेल्या अघोरी प्रकारांचाही समावेश आहे. म्हणून यंत्र आणायच्या आधी कागद करायचे, हे मी पहिल्या दिवशीच सांगून टाकलं.

आधी कागद

जागा चार हिस्सेदारांच्या नावावर. चौघांच्याही सह्या घेतल्या. ई-स्वत्तूचा, म्हणजे पंचायतीकडच्या मिळकतीच्या नोंदीचा, उतारा जोडला आणि कशासाठी शोध घेतोय, कुठल्या हद्दीत घेतोय हे कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत लिहून ग्रामपंचायतीत आणि तलाठ्याकडे दिलं. कन्नडमधली प्रत महत्त्वाची. उद्या कुणी तक्रार केलीच, तर ठाण्यात तीच वाचली जाणार.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. जमिनीत दडवलेली मोलाची वस्तू सापडली तर ती आपल्या जमिनीत आहे म्हणून आपोआप आपली होत नाही. १८७८ च्या ब्रिटिश कायद्यानं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं धन सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवणं बंधनकारक केलं. न कळवल्यास वर्षभरापर्यंत कैद. कर्नाटकानं १९६२ साली स्वतःचा कायदा केला. त्यातही जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं आलंच. डोंगरापलीकडं चंदगडात हेच काम केलं तर १८७८ चा कायदा लागतो, एवढाच सीमेचा फरक. शिवाय शंभर वर्षांहून जुनं नाणं किंवा वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते, ती देशाबाहेर नेता येत नाही.

आणि संरक्षित स्मारकाच्या आवारात यंत्र न्यायचंच नाही. हलशी याच तालुक्यात आहे. तिथं कदंबांचे ताम्रपट मिळाले, त्यातून एका राजवंशाचा इतिहास लिहिता आला. असल्या जागी हौशी माणसानं काढलेला एक खड्डासुद्धा कायमचं नुकसान करतो. कुठल्या थरात, कशाच्या शेजारी वस्तू होती ही माहिती पुन्हा मिळत नाही. आमचं काम घराच्याच आवारातलं होतं, तरी वही, फोटो आणि सुतळीचे चौकोन यांची शिस्त आम्ही तिथंही ठेवली.

जमिनीत काय काय होतं

यंत्र निवडायच्या आधी जागा वाचावी लागते. कागद होईपर्यंत आम्ही घाणेरी काढली आणि वरवरचा कचरा हातानं वेचला. त्यात दारूच्या बाटल्यांची बुचं, औषधाच्या गोळ्यांची पाकिटं, जुन्या टूथपेस्टच्या ॲल्युमिनियमच्या नळ्या, तंबाखूच्या डब्या, छत्रीच्या काड्या, सायकलची साखळी, गंजून पापड झालेले पत्रे निघाले. हे सगळं नंतरचं.

खरी अडचण वाड्याचीच होती. कौलारू घराच्या रिपा खिळ्यांनी ठोकलेल्या असतात. छप्पर खाली आलं की ते खिळे, आमच्याकडं म्हणतात ते मोळे, मूठमूठभर सगळीकडं पसरतात. दारं-खिडक्या गेल्या की बिजागऱ्या, कड्या, कोयंडे राहतात. गोठ्यात बैलांच्या पत्र्या, म्हणजे खुरांना ठोकायचे नाल, आणि त्यांचे बारीक खिळे. परड्याच्या कोपऱ्यात गाडीच्या चाकाच्या धावेचा तुकडा. टाक असलेच तर या लोखंडाच्या मधे असणार होते.

लोखंडाखेरीज माती. खानापूरच्या पश्चिमेला जांभा आहे. जांभ्यात लोहाची संयुगं ठासून भरलेली असतात आणि त्यातली काही चुंबकीय असतात. यंत्राला ती मातीच धातूसारखी बोलते. उत्तरेला चिकोडी-अथणीच्या काळ्या मातीतही बेसॉल्टमधलं मॅग्नेटाइट असतंच, पण ती माती बरीचशी एकसारखी असते, तिला यंत्र जुळवून घेतं. जांभ्याचे मात्र खडे असतात. एक खडा गप्प, शेजारचा बोलका.

त्यात कौलांच्या खापऱ्या. खानापूरची माती कुंभारकामासाठी नावाजलेली, खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकलेची केंद्रीय संस्थाही इथंच आहे. पण लोहयुक्त माती भट्टीत भाजली की तिच्यातल्या लोहाच्या संयुगांचं रूप बदलतं आणि ती आधीपेक्षा जास्त चुंबकीय होते. म्हणून भाजलेल्या कौलाचा तुकडा, विटेचा तुकडा आणि चुलीची जागा या तिन्हींवर यंत्र खोटं बोलतं. माजघरात चूल होती तो कोपरा आम्ही आधीच नकाशावर खूण करून ठेवला.

कुठली यंत्रं सोडून दिली

पहिला सल्ला गावातूनच आला. एक माणूस अँटेनावाल्या कांड्या घेऊन येतो, लांबून सोनं दाखवतो, असं भावकीतल्या एका काकांनी सांगितलं. काकांना दुखवायचं नव्हतं, पण इथं गप्प बसणंही बरोबर नव्हतं. हातात सैल धरलेली कांडी मनगटाच्या नकळत झालेल्या हालचालीनं फिरते, तिच्यात धातू ओळखणारं काही नसतं. एडीई ६५१ नावाचं असंच अँटेनाचं उपकरण स्फोटकं शोधतं म्हणून इराकला विकलं गेलं. ते विकणाऱ्या जेम्स मॅककॉर्मिकला ब्रिटनमध्ये २०१३ साली दहा वर्षांची शिक्षा झाली. हे सांगितल्यावर काका म्हणाले, "मग राहूंदे की."

दुसरा पर्याय पल्स इंडक्शन जातीच्या यंत्रांचा. ही यंत्रं खोल जातात आणि जांभ्यासारख्या मातीला फारशी दाद देत नाहीत, त्यामुळं जाहिरातीत तीच डोळ्यांत भरतात. पण लोखंड आणि चांदी यांच्यात फरक करणं त्यांना नीट जमत नाही. निर्मळ माळावर किंवा समुद्रकाठी चालतील. आमच्या परड्यात प्रत्येक मोळ्यासाठी हातभर खड्डा काढावा लागला असता.

"किती फूट खाली जातंय हे?" हा प्रश्न प्रत्येकानं विचारला. दुकानदारही याच प्रश्नाचं उत्तर आधी देतात. साध्या यंत्राला एकटं पडलेलं रुपयाएवढं नाणं चांगल्या मातीत वीतभर खोलीवर कळतं. जांभ्यात आणि लोखंडाच्या गर्दीत ती खोली निम्म्यावर येते. पडलेल्या भिंतीची माती आमच्याकडं कुठं गुडघाभर, कुठं त्याहून जास्त होती. म्हणजे जुन्या जमिनीपर्यंत वरून पोचणारं यंत्र आम्हाला परवडणाऱ्यांत नव्हतंच. खोलीचा प्रश्न खोऱ्यानं सोडवायचा होता, चार-चार बोटांचा थर काढत. यंत्रानं करायचं काम एवढंच, की त्या चार बोटांत लोखंडाला चिकटून दुसरं काही आहे का ते सांगणं.

लोखंड शेजारचं का झाकतं

कॉइलमधून, म्हणजे यंत्राच्या दांड्याला खाली असलेल्या तारेच्या तबकडीतून, बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं. धातूत त्यामुळं भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात आणि त्यांचं स्वतःचं क्षेत्र परत कॉइलकडं येतं, पण किंचित उशिरा. हा उशीर किती यावरून यंत्र धातूचा अंदाज करतं आणि तो पडद्यावर आकड्यानं, कानात सुरानं सांगतं. चांदी-तांब्याचा उशीर जास्त, पातळ वर्खाचा कमी. लोखंड प्रवाह तर नेतंच, वर स्वतः चुंबकीयही असतं, म्हणून त्याचं उत्तर वेगळ्या टोकाला जातं.

कॉइलखाली दोन वस्तू एकदम आल्या की उत्तरं मिसळतात. यंत्रानं लोखंड गाळायचं ठरवलं असेल तर त्या मिसळलेल्या उत्तराबरोबर चांदीही गाळली जाते. शिवाय खिळ्याला उत्तर देऊन झाल्यावर यंत्राला पुढच्या वस्तूसाठी मोकळं व्हायला थोडा वेळ लागतो. तो वेळ जास्त असेल, तर चार बोटांवरचा टाक त्या वेळात निसटून जातो.

उलटी फसवणूकही होते. कडी, वायसर, साखळीचा दुवा अशा गोल, मधे भोक असलेल्या लोखंडात प्रवाहाला फिरायला पूर्ण वाट मिळते, म्हणून लोखंड असूनही ते चांदीसारखं गोड वाजतं. गंजलेला सपाट पत्राही तसाच. जुन्या वाड्यात कड्या-कोयंड्यांना तोटा नसतो.

फळीवरची परीक्षा

आमच्याकडं एक गोष्ट होती जी सहसा शोधणाऱ्याकडं नसते. जे शोधायचं होतं त्याचा नमुनाच. मी वैनींकडं मिळालेल्या दोनपैकी एक टाक मागितला. त्यांनी तो धुऊन, पुसून, पांढऱ्या कापडात बांधून दिला आणि संध्याकाळच्या दिव्याआधी परत हवा म्हणून सांगितलं.

गोठ्यामागं, हेस्कॉमच्या विजेच्या तारांपासून लांब, एक फळी मांडली. त्यावर त्याच ढिगाऱ्यातले गंजके मोळे आडवेतिडवे ठेवले, एका बाजूला बैलाची पत्री, एका बाजूला दाराची कडी, मधूनमधून खापऱ्यांचे तुकडे. टाक मधोमध. मग यंत्रं एकेक करून फळीवरून फिरवली, उत्तर-दक्षिण, पूर्व-पश्चिम आणि तिरपी.

तीन जुळण्या होत्या. माझं स्वतःचं नोक्ता सिम्प्लेक्स, १२ किलोहर्ट्झच्या एकाच वारंवारतेवर चालणारं, त्याच्याबरोबर येणाऱ्या ११ इंची कॉइलसह. तेच यंत्र, एका ओळखीच्याकडून आणलेल्या लहान कॉइलसह. आणि गोव्यात समुद्रकाठी शोध घेणाऱ्या एका मित्राचं मायनलॅब इक्विनॉक्स ८००, जे एकाच वेळी अनेक वारंवारता वापरतं, त्याच्या ६ इंची कॉइलसह.

पहिली गोष्ट कळली ती मोकळ्या जमिनीवर, फळीच्याही आधी. नुसता टाक फिरवून पाहिला तर आकडा चांदीच्या रुपयाच्या आसपासही नव्हता. कितीतरी खाली, जवळजवळ टूथपेस्टच्या नळीच्या तुकड्याशेजारी. चांदी सर्वांत चांगली वाहक खरी, पण पत्रा इतका पातळ की प्रवाहाला फिरायला जाडीच नाही. ब्रिटिश रुपया ११.६६ ग्रॅमचा, जाड, ९१.७ टक्के चांदीचा. तो आणि टाक यंत्राच्या दृष्टीनं एका जातीचे नाहीत. कुणी हौसेनं "फक्त चांदी" असं यंत्र लावलं असतं, तर तिन्ही टाक मातीत राहिले असते आणि तो जागा साफ आहे म्हणून सांगून गेला असता.

इथं निवडीचा अर्धा निकाल लागला. टाक आणि ॲल्युमिनियमचा कचरा यांचे आकडे एकमेकांत मिसळतात, म्हणजे लोखंड सोडून जे जे वाजेल ते सगळं खणायचं. मग पडद्यावरच्या बारीक आकड्यांसाठी, वीस तऱ्हेच्या आवाजांसाठी पैसे मोजण्यात अर्थ नव्हता. लोखंडाला चिकटून बसलेला टाक कोण उघडा पाडतो, एवढंच बघायचं राहिलं.

११ इंची कॉइलनं फळीवर नुसती घरघर ऐकवली. टाकाचा सूर एकाही दिशेनं सुटा येईना. ती कॉइल एका वेळी फळीवरचे सगळेच मोळे पाहत होती, तिला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच यंत्राला लहान कॉइल लावली आणि चित्र बदललं. पूर्व-पश्चिम फिरवताना घरघरीतून मधेच एक तुटका उंच सूर यायला लागला, उत्तर-दक्षिण पुन्हा लोखंड. इक्विनॉक्सनं लहान कॉइलसह तीन दिशांना सूर दिला, आणि कॉइल हळू फिरवली तर पत्रीच्या अगदी कडेला ठेवलेला टाकही सुटा दाखवला.

याची कारणं दोन. ८०० मध्ये रिकव्हरीचा वेग १ ते ८ असा बदलता येतो, तो वाढवला की यंत्र एका खिळ्यातून लवकर मोकळं होतं. आणि उंच वारंवारता पातळ पत्र्याला चांगली प्रतिसाद देते, तर एकाच वेळी अनेक वारंवारता ऐकल्यामुळं जांभ्याचा गोंधळ वेगळा काढायला सोपं जातं. खापऱ्यांवर दोन्ही यंत्रं अधूनमधून बोलली, पण इक्विनॉक्स कमी.

एक गोष्ट मात्र मी ठासून सांगेन. पहिल्या आणि दुसऱ्या जुळणीतला फरक दुसऱ्या आणि तिसऱ्या जुळणीतल्या फरकापेक्षा मोठा होता. ज्याच्याकडं साधं यंत्र आहे आणि अशा जागेवर काम करायचं आहे, त्यानं आधी लहान कॉइल घ्यावी. यंत्र बदलायचं नंतर बघता येतं.

निवड

धाकट्या दिरानं शेवटी वापरलेलं इक्विनॉक्स ८०० आणि वेगळी ६ इंची कॉइल घेतली. त्याच मालिकेतलं ६०० स्वस्त पडत होतं, पण त्यात रिकव्हरीच्या तीनच पायऱ्या आहेत आणि २० व ४० किलोहर्ट्झ सुटे वापरता येत नाहीत. पातळ चांदीसाठी ती सोय हाताशी असावी असं मला वाटलं. फ्रान्सच्या एक्सपीचं डेउस वजनाला हलकं आणि खिळ्यांच्या जागेसाठी नावाजलेलं, त्याचाही विचार केला. पण त्याची किंमत एका परड्यासाठी कुणालाही परवडण्यासारखी नव्हती. वाचलेल्या पैशातून हातात धरायचा पिनपॉइंटर घेतला, आणि तो घेतलाच पाहिजे असा माझा आग्रह होता. खड्ड्यातल्या ढेकळांत टाक नेमका कुठं आहे हे तो सांगतो. त्याच्याशिवाय खुरप्याचं टोक पातळ चांदीत घुसायला वेळ लागत नाही.

जुळवणी अशी ठेवली. फील्ड २ (यंत्रातलाच एक तयार मोड), रिकव्हरी ६-७, आयर्न बायस (मिसळलेल्या सुराला लोखंड म्हणायचा कल) शून्याजवळ, सेन्सिटिव्हिटी २५ पैकी सोळा ते अठरा. जास्त ठेवली की जांभा ओरडायचा. लोखंडाचा आवाज बंद केला नाही. तो ऐकू आला तरच दोन मोळ्यांच्या मधली फट कळते. ग्राउंड बॅलन्स, म्हणजे यंत्राला मातीशी जुळवून घ्यायला लावणं, दर चौकोनात नव्यानं केला, कारण भिंतीची पांढरी माती आणि पायाजवळची तांबडी माती यांचा स्वभाव एक नव्हता. तारांमुळं यंत्र सोप्याच्या बाजूला सतत कुरकुरत होतं. लाईट गेली की गप्प व्हायचं, म्हणून ती बाजू आम्ही लोडशेडिंगच्या वेळेत केली.

प्रत्यक्ष काम

पाऊस संपल्यावर, जमीन ओली पण चिखल नाही अशा दिवसांत सुरुवात केली. ओलाव्यात खणायलाही बरं पडतं. धनुर्वाताची इंजेक्शनं सगळ्यांनी घेतली, पायात गमबूट, आणि खापऱ्या हातानं न उचलता आधी खोऱ्यानं उलट्या करायच्या. खानापुरात कौलाखाली विंचू आणि ढिगाऱ्यात घोणस असणार हे धरूनच चालायचं.

सुतळीनं चौकोन आखले. देवघर आणि त्याला लागून माजघराची भिंत हे पहिले. लहान कॉइल, सावकाश, आधी एका दिशेनं मग काटकोनात. थर चार बोटांचा काढायचा, माती बुट्टीनं वेगळ्या ताडपत्रीवर, चौकोनाची चिठ्ठी लावून. तिथं ती पुन्हा यंत्राखालून जायची.

माजघराच्या कोपऱ्यात एक जागा होती, तिथं कॉइल नेली की लख्ख गोड सूर येई, आकडा भलताच उंच. उकरलं तर दाराची कडी. इथंच बरेच जण खड्डा बुजवून पुढं जातात. कडी काढून पुन्हा कॉइल फिरवली. आता घरघर, आणि तिच्यात एका दिशेनं बारीक चिवचिव. काटकोनात वळलो तर चिवचिव नाही. पुन्हा पहिल्या दिशेला, कॉइल अर्धी मागं ओढत. सूर राहिला. बुचाचा सूर असं मागं ओढताना बहुधा लोखंडात फाटतो, हा फाटेना. खुरप्यानं बाजूनं माती सोडवली. कोयंडा निघाला, त्याला गंजानं चिकटलेले मोळे, आणि त्यांच्या खाली भिंतीच्या मातीचं एक ढेकूळ. पिनपॉइंटर ढेकळाला लावताच थरथरला. वैनींना हाक मारली. त्यांनी ते ढेकूळ पाण्याच्या परातीत धरलं आणि माती आपोआप सुटू दिली. टाक मधे दुमडला होता, काळा पडला होता, पण घोड्याचे पाय आणि स्वाराचा हात स्पष्ट होता. खंडोबा. वैनी काही बोलल्या नाहीत, पदरात घेऊन आत गेल्या.

दुसरा टाक जमिनीत मिळालाच नाही. तो ताडपत्रीवरच्या मातीत होता, जी माती आम्ही एकदा पाहून पुढं टाकली होती. भिंतीच्या ढेकळात उभा रुतलेला असणार. उभ्या पत्र्याची कड तेवढी कॉइलकडं असते आणि उत्तर फारच क्षीण येतं. ढेकूळ फुटून तो आडवा झाला तेव्हा वाजला. माती दोनदा पाहायची ती यासाठी.

बाकी मिळालं ते परड्याचं जुनं जगणं म्हणायचं. शिवराया, म्हणजे मराठेशाहीतली तांब्याची नाणी, एक-दोन दुदांडी (दोन आडव्या रेघांच्या), बऱ्याच इतक्या झिजलेल्या की 'श्री राजा शिव' यातली अक्षरं बोटांनी चाचपावी लागली. व्हिक्टोरियाचे आणि पंचम जॉर्जचे पाव आणे. १९०६ पासून तांब्याऐवजी कासं आलं, त्यामुळं दिसायला जवळजवळ सारखे असूनही जॉर्जचे पाव आणे यंत्रावर थोडे खाली वाजतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले भोकाचे पैसे. गोवा शेजारीच, म्हणून राजा लुईशच्या छापाचा पाव तांगाही. बैलाच्या गळ्यातली घुंगरं, पितळी कुलपाचा अर्धा भाग, ठासणीच्या बंदुकीची शिशाची गोळी, एक जोडवं. आणि ॲल्युमिनियमच्या पैशांचा सडा, जे साठच्या दशकापासून प्रत्येक घरातून सांडत आले.

हांडा नव्हता. बघायला रोज जमणाऱ्या मंडळींना प्रत्येक वस्तू दाखवली, हातात दिली. लपवालपवी नाही म्हटल्यावर कुजबुज विरली. "काय घावलं काय वो आज?" या प्रश्नाला पोरंच उत्तर द्यायला लागली. यादीची एक प्रत फोटोंसकट तलाठ्याकडं दिली.

शिवराया पाहून घरातल्या मुलींनी चिंच भिजत घातली होती. भांडी घासायची सवय तीच. त्यांना थांबवलं. जुन्या तांब्यावर जो हिरवट-तपकिरी थर येतो तो नाण्याचं कातडं आहे. तो घासला तर अक्षरंही जातात आणि अभ्यासाचं मोलही. साध्या पाण्यात बुडवून, मऊ ब्रशनं माती सोडवून, कोरडी करून कागदाच्या पाकिटात ठेवली. पाकिटावर चौकोन आणि थर लिहिला. टाकांचं मात्र वेगळं. ते पूजेतले आहेत, त्यांचं काय करायचं ते घराण्यानं ठरवायचं. सोनाराकडून फक्त दुमड सरळ करून घेतली, उजळवले नाहीत.

तिसरा टाक अजून मिळायचा आहे. देवघराच्या चौकोनांतली सगळी माती कुंपणाच्या आत वेगळी रचून ठेवली आहे आणि ती घराच्या भरावात घालायची नाही असं गवंड्याला बजावलं आहे. पाऊस संपला की ती दोन बोटांच्या थरानं ताडपत्रीवर पसरायची. तिच्यातले मोळे आधी चुंबकानं वेचून घ्यायचे, ढेकळं हातानं फोडायची आणि मगच कॉइल फिरवायची. लोखंड निघून गेल्यावर लहान कॉइलची गरज तितकी राहणार नाही, ११ इंची चालेल आणि काम निम्म्या वेळात होईल.